कमी इंडक्टन्सचे तांब्याचे डीसी बसबार: नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मी जळगाव एमआयडीसीत ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारे), रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारे) आणि इन्व्हर्टर (डीसीचं एसी करणारे) यांच्या दुरुस्तीचं काम करतो, थोडं पॅनल बनवायचंही. धुळे, नंदुरबार, शिरपूर, भुसावळ इकडून पोरं, पॅनलवाले, मेंटेनन्सवाले व्हॉट्सअॅपवर डीसी बसबारचे, म्हणजे प्लस-मायनसचा मोठा करंट नेणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांचे, तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून ते सगळे इथे एका जागी लिहून ठेवलेत. सोपे आधी, किचकट नंतर. एकाच गोष्टीचं दोनदा उत्तर द्यायला नको म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलंय.

१. भाऊ, डीसीमध्ये इंडक्टन्सचा काय संबंध? ते तर एसीत बघतात ना?

करंट एकसारखा वाहत असेल तर खरंच काही संबंध नाही, तेव्हा फक्त रेझिस्टन्स बघायचा. पण डीसी बसला (प्लस-मायनसच्या या पट्ट्यांना) जे जोडलेलं असतं ते आयजीबीटी किंवा सिलिकॉन कार्बाइडचं मॉड्यूल, म्हणजे सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारं स्विच. ते बंद होताना करंट एकदम तुटतो आणि वाटेतलं इंडक्टन्स त्याला विरोध करतं, तो विरोध म्हणजेच व्होल्टेजचा स्पाइक. हिशोब सोपा आहे, इंडक्टन्स गुणिले करंट बदलायचा वेग. ४०० अँपिअर १०० नॅनोसेकंदात बंद झाले आणि वाटेत १०० नॅनोहेन्री (इंडक्टन्सचं माप) असेल तर स्पाइक ४०० व्होल्टचा. ४१५ व्होल्ट थ्री फेज रेक्टिफाय केल्यावर बस असते साधारण ५८७ व्होल्ट, त्यावर हे ४०० चढले की ९८७ झाले. मोटर ब्रेक करताना बस अजून वर जाते, मग १२०० व्होल्टच्या मॉड्यूलला जागाच उरत नाही. तेच इंडक्टन्स २५ नॅनोहेन्री असतं तर स्पाइक १०० व्होल्टचा, मॉड्यूल आरामात चालतं.

२. तांब्याची पट्टी जाड घेतली की इंडक्टन्स कमी होतं का?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त पैसे खातो. इंडक्टन्स तांब्यात कमी आणि प्लस-मायनसच्या मधल्या जागेत जास्त असतं, करंट जातो त्या पट्टीपासून परत येतो त्या पट्टीपर्यंत जो लूप बनतो त्याच्या क्षेत्रफळात. जाड पट्टी घेतली की रेझिस्टन्स कमी होतो, तापणं कमी होतं, स्पाइक जवळपास तिथल्या तिथेच राहतो. स्पाइक कमी करायचा तर दोन पट्ट्या एकमेकींच्या जवळ आणा आणि रुंद करा, बाकी सगळं दुय्यम.

३. मग हिशोब कसा करायचा? सॉफ्टवेअर नाहीये माझ्याकडे.

दोन रुंद पत्रे एकमेकांवर ठेवलेत, मध्ये इन्सुलेशन, अशी रचना असेल तर: १.२५७ गुणिले लांबी गुणिले मधलं अंतर, भागिले रुंदी. सगळं मिलिमीटरमध्ये, उत्तर नॅनोहेन्रीत. ३०० मिमी लांब, १०० मिमी रुंद, मधलं अंतर अर्धा मिमी, उत्तर १.९ नॅनोहेन्री. रुंदी अंतरापेक्षा बरीच जास्त असेल तरच हे सूत्र बरोबर चालतं.

आता तोच रस्ता आपल्या नेहमीच्या पॅनलच्या पद्धतीने करून बघा, ५० बाय १० च्या दोन पट्ट्या एसएमसीच्या (फायबर भरलेल्या प्लास्टिकच्या) सपोर्टवर १०० मिमी अंतराने, लांबी तीच ३०० मिमी. येतात साधारण २४० नॅनोहेन्री. तांबं भरपूर, काम चोख, तरी शंभर पटीपेक्षा जास्त फरक, आणि तो सगळा फरक त्या १०० मिमीच्या मोकळ्या जागेचा.

अजून एक बारकावा आहे. स्विचिंगच्या वेगाने बदलणारा करंट तांब्याच्या फक्त समोरासमोरच्या पृष्ठभागावरून वाहतो म्हणून १.९ आला. सावकाश बदलणारा करंट तांब्याच्या पूर्ण जाडीत पसरतो, तेव्हा मधल्या अंतरात दोन्ही पत्र्यांच्या जाडीचा प्रत्येकी एक तृतीयांश मिळवावा लागतो. २ मिमीचे पत्रे असतील तर १.९ चे जवळपास ७ होतात. स्पाइकसाठी पहिला आकडा धरा.

४. स्किन इफेक्ट किती धरायचा?

वेगाने बदलणारा करंट तांब्याच्या पृष्ठभागाजवळच राहतो, तोच स्किन इफेक्ट. तो किती खोल शिरतो ते असं: ६६ भागिले फ्रिक्वेन्सीचं वर्गमूळ, उत्तर मिमीत. ५० हर्ट्झला ९.३ मिमी, १० किलोहर्ट्झला ०.६६ मिमी, १०० किलोहर्ट्झला ०.२१ मिमी. म्हणून डीसी लिंकला (रेक्टिफायर आणि इन्व्हर्टरच्या मधल्या डीसी भागाला) १० मिमी जाड पट्टीपेक्षा १.५ किंवा २ मिमीचा रुंद पत्रा बरा, तेवढंच तांबं जास्त कामाला येतं. पण मुख्य करंट डीसीच आहे आणि तो पूर्ण जाडीतून जातो, तेव्हा पत्रा किती जाड ते तापण्यावरून ठरवा, प्रश्न ५.

५. एका स्क्वेअर एमएमला किती अँपिअर धरायचे?

पॅनलवाल्यांचा नियम तांब्याला १.२ ते १.६ अँपिअर असा आहे आणि सुरुवातीला तो धरायला हरकत नाही. पण तो आकडा काही तांब्याचा गुणधर्म नाही, पट्टीची उष्णता किती बाहेर जाते यावर सगळं आहे. १०० बाय १० ची पट्टी, १००० अँपिअर, एक मीटर जाऊन एक मीटर परत असा दोन मीटरचा रस्ता. २० डिग्रीला त्याचा रेझिस्टन्स ३४ मायक्रोओहम, ड्रॉप ३४ मिलिव्होल्ट, उष्णता ३४ वॅट. काहीच नाही वाटतं. पण तीच पट्टी ९० डिग्रीला गेली की रेझिस्टन्स २७ टक्क्यांनी वाढतो, उष्णता पण तेवढीच वाढते. पंख्याची हवा थेट लागत असेल आणि पत्रा छोटा असेल तर ४-५ अँपिअर पण घेतात, पण ते मोजून, अंदाजाने नाही.

६. आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी वेगळं काही करावं लागतं का?

करावंच लागतं आणि याच्यावर मला सगळ्यात जास्त सांगायचंय. पॅनलचं जे स्टँडर्ड आहे, आयईसी ६१४३९, ते बाहेरचं तापमान जास्तीत जास्त ४० डिग्री आणि २४ तासांची सरासरी ३५ डिग्री धरतं. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तो पण सावलीतला. पत्र्याच्या शेडमध्ये, दुपारी तीनला, बंद पॅनलच्या आत ६० डिग्री सहज मिळतात. बाहेर गावाहून डिझाइन आलेलं असतं, कागदावर सगळं बरोबर असतं, आणि एप्रिल उजाडला की फोन सुरू होतात.

हिशोब असा करा. इन्सुलेशन १०५ डिग्रीपर्यंत चालतं असं धरलं तर ४० डिग्रीत तुम्हाला ६५ डिग्री वाढीची मुभा असते, ६० डिग्रीत फक्त ४५. नैसर्गिक हवेत करंट साधारण त्या वाढीच्या ०.६ घाताने बदलतो, म्हणजे १००० अँपिअरचा बसबार ८०० चाच राहिला. म्हणून मी इकडच्या कामाला सरळ वीस टक्के सूट आधीच धरतो. आणि जिनिंगमध्ये, दालमिलमध्ये फिल्टर पंधरा दिवसात भरतो, त्या दिवशी पंख्याची हवा शून्य समजा.

७. लॅमिनेटेड बसबार म्हणजे नक्की काय?

तांब्याचे पातळ रुंद पत्रे, मध्ये इन्सुलेशनची फिल्म, सगळं दाबून गरम करून एकजीव केलेलं सँडविच. फिल्म पॉलिएस्टरची असते, जास्त तापमानाला नोमेक्स पेपर नाहीतर पॉलिइमाइड. कडेला इन्सुलेशन तांब्याच्या बाहेर काढून बंद केलेलं असतं.

८. ते महाग पडतं, आपल्या वर्कशॉपमध्ये बनवलं तर चालेल का?

ज्यांना परवडत नाही त्यांनी प्रयत्न जरूर करावा, मी स्वतः बनवलेत. २ मिमी ईटीपी (नेहमीचं शुद्ध इलेक्ट्रिकल) तांब्याचे पत्रे कापा, पंच करा, भोकांच्या आणि कडांच्या बऱ्या (कापताना राहिलेली धारदार टोकं) कानसीने पूर्ण काढा, बोट फिरवून बघा, टोचता कामा नये कारण एक बरी मायलर (पॉलिएस्टरची फिल्म) फाडायला पुरते. मध्ये अखंड शीट टाका, तुकडे जोडून नाही, आणि ती चारही बाजूंनी तांब्याच्या बाहेर काढा, किती ते प्रश्न ९ मध्ये. बोल्ट ज्या पत्र्यातून नुसता आरपार जातो तिथे भोक मोठं ठेवून इन्सुलेटिंग बुश घाला. जाड पट्ट्या पडून असतील तर त्याही चालतात, १०० बाय १० च्या दोन पट्ट्या रुंद बाजू समोरासमोर ठेवून मध्ये २ मिमीची शीट, ३०० मिमीला साडेसात नॅनोहेन्री येतात. रुंद बाजू समोरासमोर, कडेला कड नाही, हे लक्षात ठेवा.

मर्यादा एवढीच की हाताने बनवलेल्या सँडविचमध्ये हवेचे बारीक कप्पे राहतातच. हवेत साधारण ३३० व्होल्टच्या खाली कुठल्याही फटीत डिस्चार्ज सुरू होत नाही म्हणून बॅटरीच्या ४८ व्होल्टच्या कामाला चिंता नाही. पण ६००-८०० व्होल्टची स्विच होणारी बस असेल तर त्या कप्प्यांत पार्शियल डिस्चार्ज (बारीक ठिणग्या) होऊन फिल्म हळूहळू खाल्ली जाऊ शकते, दोन वर्षं काही दिसत नाही आणि मग एक दिवस शॉर्ट. तिथे बनवून घेतलेलाच बसबार लावा.

९. प्लस-मायनस इतके जवळ ठेवायचे तर क्रीपेज कसं सांभाळायचं?

क्रीपेज म्हणजे प्लसपासून मायनसपर्यंत इन्सुलेशनच्या पृष्ठभागावरून जाणारं अंतर. पत्र्याच्या मध्ये घन इन्सुलेशन आहे, तिथे क्रीपेजचा प्रश्नच नाही, प्रश्न कडांवर आणि भोकांवर आहे. १००० व्होल्टला, साध्या इन्सुलेशन मटेरियलवर, स्वच्छ पॅनलमध्ये म्हणजे पोल्यूशन डिग्री २ मध्ये आयईसी ६०६६४ नुसार १० मिमी लागतं, डिग्री ३ मध्ये १६ मिमी. कापसाची धूळ आणि त्यात पावसाळ्यातली ओल, ही डिग्री ३ च धरा. हे अंतर पृष्ठभागावरून मोजायचं असतं, त्यामुळे शीट कडेच्या बाहेर ८ मिमी काढली की एका बाजूने ८ वर, ८ खाली असा रस्ता १६ चा होतो.

१०. बसबार छान २ नॅनोहेन्रीचा केला तरी स्पाइक येतोच, का?

कारण स्पाइक पूर्ण लूपचा असतो. कॅपॅसिटरच्या आतलं, बसबारचं, टर्मिनलचं आणि मॉड्यूलच्या आतलं अशी सगळ्यांची बेरीज. ६२ मिमीच्या नेहमीच्या आयजीबीटी मॉड्यूलमध्येच १५-२० नॅनोहेन्री असतात, ते तुमच्या हातात नाही. पण खरा चोर असतो शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर. पत्रे मस्त एकमेकांवर आणतात आणि टर्मिनलजवळ प्लसचा कान (बोल्ट लावायला बाहेर काढलेली पट्टी) डावीकडे, मायनसचा उजवीकडे वळवतात, तिथे दोघांच्या मध्ये मोकळी जागा उघडते आणि तेवढ्या तुकड्यात पूर्ण बसबारपेक्षा कितीतरी जास्त इंडक्टन्स भरतं. कान छोटे ठेवा, शेजारी शेजारी ठेवा, एकमेकांवर जिथपर्यंत नेता येतील तिथपर्यंत न्या.

धरणगावकडच्या एका जिनिंगमधला ९० किलोवॅटचा ड्राइव्ह माझ्याकडे आला होता, त्याचं मॉड्यूल दोनदा उडालेलं. आधी कोणीतरी दुरुस्तीत वाकलेला डीसी पत्रा काढून त्याजागी लग (केबलच्या टोकाला बसवायचं भोकाचं टर्मिनल) लावून दोन केबल टाकलेल्या, केबल चांगल्या जाड, क्रिम्पिंग पण नीट, माणसाने मन लावून केलेलं काम. स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लावला तर बंद होताना व्होल्टेज अकराशेला टेकत होतं. पत्रे नवे बनवून बसवले, तेच व्होल्टेज साडेसातशेच्या आत आलं. त्या मालकाचा ऐन सीझनमधला आठवडा गेला, केबल कुठून आणि कशी जाते एवढ्या एका गोष्टीसाठी, म्हणून मी हे प्रत्येकाला सांगतो.

११. कॅपॅसिटर कुठला आणि कुठे लावायचा?

मॉड्यूलच्या जितका जवळ तितका चांगला, आणि एक मोठा लावण्यापेक्षा चार छोटे पॅरलल चांगले, त्यांचं आतलं इंडक्टन्स वाटलं जातं. फिल्म कॅपॅसिटर असेल तर उत्तम. इलेक्ट्रोलिटिक लांब असतील तर मॉड्यूलच्या टर्मिनलवरच ०.४७ ते २.२ मायक्रोफॅरडचा स्नबर (स्पाइक शोषणारा) कॅपॅसिटर बसवतात, पण तो वाईट बसबारवरचं औषध नाही, कधी कधी तो मोठ्या कॅपॅसिटरबरोबर झुलायला लागतो आणि नवीनच रिंगिंग (व्होल्टेजचं हेलकावणं) दिसतं.

१२. बसबारच कॅपॅसिटरचं काम करतो असं ऐकलंय, खरं आहे का?

अगदी थोडं. प्रश्न ३ मधल्या ३०० बाय १०० च्या पत्र्यांमध्ये, अर्धा मिमी पॉलिएस्टर धरलं तर १.७ नॅनोफॅरड येतात. डीसी लिंकला मायक्रोफॅरड शेकड्यांनी लागतात. विसरून जा.

१३. भोकं आणि खाचा पाडल्या तर किती बिघडतं?

गोल भोकं थोडी असली तर करंट वळसा घालून जातो, फार नाही. वाईट असते ती करंटच्या वाटेत आडवी खाच, नाहीतर एका ओळीत आडवी पाडलेली भोकं, त्याने रुंदी कापली जाते आणि वळसा लांब होतो. त्यातही प्लसला खाच आहे आणि समोर मायनसला नाही असं असेल तर दोन्ही करंट एकमेकांसमोर राहत नाहीत. भोकं करंटच्या दिशेने उभी लावा.

१४. जॉइंट तापतो. बोल्ट अजून आवळू का?

थांबा. जास्त आवळल्याने तांबं मऊ असल्यामुळे दबतं आणि थंड झाल्यावर बोल्ट ढिला होतो. आधी बघा पट्ट्या एकमेकींवर किती चढल्यात, जाडीच्या पाचपट तरी हव्यात, म्हणजे १० मिमीला ५० मिमी. पृष्ठभाग सपाट आणि घासून स्वच्छ, टिनचा थर असेल तर घासू नका. ८.८ ग्रेडचा बोल्ट, मोठा प्लेन वॉशर आणि वर बेलव्हिल (बशीच्या आकाराचा) वॉशर, साधा स्प्रिंग वॉशर नाही. एम१० ला साधारण ४०-४५ न्यूटन मीटर पट्टी-पट्टीच्या जॉइंटला चालतं, पण मॉड्यूलच्या टर्मिनलला हा टॉर्क कधीच लावू नका, तिथे डेटाशीटमध्ये असेल तेवढाच, नाहीतर आतलं टर्मिनल उपटून येतं. टॉर्क पाना वापरा आणि आवळून झाल्यावर मार्करची रेघ मारा. मोजायचं असेल तर मायक्रो-ओहमीटरने, मल्टीमीटरला हे दिसत नाही.

बसबार सरळ बसत नसेल तर बोल्टने ओढून बसवू नका. तांबं मीटरला दर डिग्रीला १७ मायक्रॉन वाढतं, तो ताण रोज मॉड्यूलवर येतो.

१५. तांब्याऐवजी अॅल्युमिनियम चालेल का? भाव बघता...

इंडक्टन्सला धातू कळतच नाही, आकार तोच तर इंडक्टन्स तेच. अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या ६१ टक्के, म्हणजे काटछेद १.६ पट घ्यायचा, तरी वजन निम्मंच भरतं. त्रास जॉइंटला आहे. ऑक्साइड लगेच चढतो, आणि तांब्याला थेट जोडलं की ओलाव्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं. टिन प्लेटिंग किंवा बायमेटॅलिक (एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला अॅल्युमिनियम) वॉशर हवाच. जॉइंट कमी असतील तिथे मी हो म्हणतो, दर अर्ध्या मीटरला जॉइंट असेल तर नाही.

१६. सोलरच्या डीसी केबलचं इंडक्टन्स पण कमी करायचं का? साक्रीला साइट चालू आहे.

स्ट्रिंगच्या (ओळीने जोडलेल्या सोलर पॅनलच्या) केबल शेकडो मीटर असतात आणि इन्व्हर्टरच्या आत स्वतःचे कॅपॅसिटर असतात, स्विचिंगचा करंट तिथूनच घेतला जातो, त्यामुळे स्पाइकसाठी त्या केबलची चिंता नको. तरीही प्लस आणि मायनस एकत्रच न्या. कारण वेगळं आहे, जवळ वीज पडली तर दोन केबलच्या मध्ये जितकं क्षेत्रफळ उघडं तितकं व्होल्टेज त्यात तयार होतं. मोकळ्या पठारावरच्या साइटला हे फार महत्त्वाचं.

१७. इंडक्टन्स कमी केल्याने काही तोटा होतो का?

होतो, आणि हा प्रश्न फार कमी जण विचारतात. समजा मॉड्यूल फाटलं आणि प्लस-मायनस शॉर्ट झाले. ८०० व्होल्ट, २००० मायक्रोफॅरड आणि पूर्ण लूप ३० नॅनोहेन्रीचा, तर रेझिस्टन्स सोडून दिला तर करंटचं शिखर दोन लाख अँपिअरच्या वर निघतं. प्रत्यक्षात रेझिस्टन्समुळे कमी होतं पण करंट चढायचा वेग भयानक असतो. फ्यूजला उलट हे सोपं जातं, डीसी फ्यूज कमी इंडक्टन्सच्या सर्किटमध्ये चांगला तोडतो. पण मेकॅनिकल ताकद लक्षात घ्या. उलट दिशेच्या करंटच्या पट्ट्या एकमेकींना ढकलतात. २० किलोअँपिअरला, १०० मिमी अंतरावरच्या पट्ट्यांवर मीटरला ८०० न्यूटन येतात, आणि १०० मिमी रुंद चिकटून ठेवलेल्या पत्र्यांवर जवळपास २५०० न्यूटन, म्हणजे मीटरला अडीचशे किलोचं वजन, पत्रे उकलायला. म्हणून नुसता चिकटपट्टीवर ठेवलेला सँडविच चालत नाही, मध्ये मध्ये क्लॅम्प हवेत.

१८. बनवल्यावर इंडक्टन्स मोजायचं कसं?

हातातल्या एलसीआर (इंडक्टन्स, कॅपॅसिटन्स मोजणाऱ्या) मीटरने मोजू नका, त्याच्या वायरीचंच इंडक्टन्स आपल्या बसबारपेक्षा जास्त. डबल पल्स टेस्ट करा. मॉड्यूलला दोन छोटे पल्स द्यायचे, दुसऱ्याच्या सुरुवातीला करंट चढत असताना मॉड्यूलवरचं व्होल्टेज किती खाली बसतं ते बघायचं. करंट नॅनोसेकंदाला २ अँपिअरने चढतोय आणि व्होल्टेज ६० ने बसलं तर लूप ३० नॅनोहेन्रीचा. करंटला रोगोव्स्की कॉइल, व्होल्टेजला डिफरन्शियल प्रोब. स्कोपची अर्थ पिन तोडून साध्या प्रोबने मोजणारे मी पाहिलेत, तसं कृपा करून करू नका. आणि सप्लाय बंद केल्यावर कॅपॅसिटर भरलेलाच असतो. निदान पाच मिनिटं थांबा, मग मीटरने व्होल्टेज बघा, मग हात घाला.

१९. दोन-तीन मॉड्यूल पॅरलल आहेत, एकच जास्त तापतं.

बहुतेक वेळा कॅपॅसिटरपासून प्रत्येक मॉड्यूलचा रस्ता वेगळा असतो. ज्याचा लूप छोटा तो स्विचिंगच्या क्षणी करंट आधी उचलतो. कॅपॅसिटर एका टोकाला आणि मॉड्यूल रांगेत अशी रचना टाळा, कॅपॅसिटरची रांग मॉड्यूलच्या रांगेला समांतर ठेवा. आउटपुटच्या पट्ट्या पण सारख्या लांबीच्या हव्यात, डीसी बाजू बरोबर करून तिकडे चूक केली तरी तेच होतं. आणि बदल करायच्या आधी प्रश्न १४ मधला जॉइंट तपासून घ्या, कधी कधी नुसता एक ढिला बोल्ट निघतो.